तिसरी खूण

हजेरीच्या वहीत माझ्या वडलांच्या काळापासून
दोनच खुणा: ह आणि ग.
तिसरीची गरज पडली नव्हती,
किंवा पडली असेल; वडील ऐकायचे कमी.

वाळपईत, बाजार संपतो तिथून पुढे,
आमचा काजूचा कारखाना. बावीस बायका, सात पुरुष,
एक बॉयलर, आणि कितीही धुतलं तरी
कपड्यांतून न जाणारा टरफलांचा वास.

सुलक्षा माजिक ग्रेडिंगला. अठरा वर्षं.
दोनशे चाळीस आणि तीनशे वीस यांतला फरक
इतरांना चाळणी सांगते, तिला बोटांची पेरं.
त्या फेब्रुवारीत सहा वेळा उशीर.
मी लाल शाईने गोल केले,
सहावा जरा दाबून.

ऑफिसात बोलावलं. म्हटलं, सही कर इथं.
तिने पेन उचललं, तापल्या तव्यावरून
हाताने पोळा काढावा तसं,
आणि ते घरंगळत माझ्याकडेच आलं.

मग पिशवीतून फाईल निघाली. बांबोळीची.
पानापानावर तोच आजार,
डॉक्टरांची अक्षरं तेवढी वेगवेगळी.
आमवात, ती म्हणाली. सकाळी दोन तास
ही बोटं माझी नसतात. मग येतात हळूहळू,
एकेक करून, रुसलेल्या पोरांसारखी.
मी विचारलं (आता लिहिताना लाज वाटते),
बरा कधी होणार?
"बरो जायना तो, पात्रांव. आसताच."

त्या रात्री मी हिशेब केला. खोटं सांगत नाही,
पहिला हिशेब तिला काढण्याचाच होता.
नवी मुलगी, तिला शिकवायला सहा महिने,
फुटलेले गर, परत आलेला माल;
आकडे माझ्या विरुद्ध जात राहिले.
माणुसकी नंतर आली,
पायरीवर चपला काढून, जरा संकोचत.

तिची वेळ अकराची केली.
सुरीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली, लठ्ठ.
स्टूल चार बोटं उंच.
महिन्यातला एक गुरुवार बांबोळीचा, भरपगारी.
यात थोर काही नाही. ट्यूब जुनीच होती.

लगेच कुजबुज: तिलाच का?
सुपरवायझर आग्नेलने तर तोंडावर विचारलं.
मला उत्तर येईना, म्हणून म्हटलं,
ज्याला जे आहे ते येऊन सांगा,
या खोलीबाहेर जाणार नाही.

आठ दिवस कोणी आलं नाही.
नवव्या दिवशी दयावतीने दार ढकललं:
इन्सुलिनची सुई ती संडासात, उभ्याने टोचत होती,
जेवणाची घंटा एकची,
तिच्या साखरेला ते ठाऊक नव्हतं.
मग बॉयलरवरचा घनःश्याम. फिट येते.
कधीपासून?
नऊ वर्षं.
नऊ वर्षं तो त्या आगीच्या तोंडाशी उभा,
आणि मी दर दसऱ्याला बॉयलरला हार घालून
निर्धास्त घरी जात होतो.

त्याला वजनकाट्यावर आणलं, पगार तोच.
महिनाभर माझ्याशी बोलला नाही;
त्याला ती आग आवडायची.
दयावती मे महिन्यात सोडून गेली, मडगावला, भावाकडे.
ऑफिसच्या फ्रिजमध्ये, माझ्या सोड्याच्या बाटल्यांशेजारी,
तिच्या नावाची चिठ्ठी लावलेला डबा आहे अजून.
दोघांनीही आपलं नाव सांगायला
हरकत नाही म्हटलं, म्हणून इथे लिहितोय.

वहीत आता तिसरी खूण आहे.
तिला काय म्हणायचं ते ठरलेलं नाही.
मी नुसतं एक टिंब देतो.
माझ्या हातून ते वाकडं उमटतं,
म्हणून आग्नेल त्याला काजू म्हणतो.

आज गुरुवार.
खिडकीखालचं उंच स्टूल रिकामं.
हंगाम भरात, माल दारापर्यंत आलाय,
पाय ठेवायला जागा नाही,
आणि तरी त्यावर पोतं
कुणी टेकवलेलं नाही.